हॅवलॉकवरची इस्त्री

"ही कशाला आणलीत?" मी विचारलं.

अण्णांच्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली इस्त्री निघाली होती. खोलीच्या खिडकीतून हॅवलॉकचा तो निळाशार समुद्र दिसत होता, नारळाची झाडं पार वाळूवर वाकली होती, आणि माझे वडील पलंगावर बसून इस्त्रीची वायर सरळ करत होते.

"असू दे की. कपडे चुरगाळत्यात."

"अण्णा, आपण अंदमानला आलोय. इथं लोक चड्डीवर फिरतात."

"म्हणून काय चुरगाळल्याली चड्डी घालायची?"

मी हसले. तेव्हा हसले, म्हणून आज सांगताना मला स्वतःचाही थोडा राग येतो. पण त्या वेळी मला वाटलं, हाडाची सवय आहे, जाता जात नाही. आम्ही परीट. कराडला अण्णांचं लॉन्ड्रीचं दुकान होतं, त्याआधी आजोबांच्या काळात घाटावर धुणं होतं. अण्णांनी सगळी उमर दुसऱ्यांच्या कपड्यांच्या घड्या घालण्यात काढली. त्या दिवाळीत उजवा खांदा इतका धरला की हात डोक्यापर्यंत जाईना. डॉक्टर म्हणाले, आता इस्त्री बंद. अण्णांनी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि नंतर दोन महिने ओट्यावर नुसते बसून राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे शर्ट बघत.

म्हणून हेमंतने, माझ्या नवऱ्याने, जेव्हा सांगितलं की माईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पंच्याहत्तरीला सगळं घर अंदमानला जातंय आणि "अण्णांनाही घेऊ या की आपल्याबरोबर," तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आमचं लग्न जात ओलांडून झालेलं. सासरी कुणी मला कधी वाईट बोललं नाही, पण अण्णा आले की सगळे जरा जास्तच गोड बोलायचे. त्यात अण्णा जुन्या वळणाचे. आमच्याकडे बाप मुलीच्या घरी मुक्काम करत नाही. पूर्वीचे लोक तर पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. अण्णा चहापर्यंत आले होते, पण त्यापुढे नाही. सकाळच्या एसटीने पुण्याला यायचे, संध्याकाळच्या एसटीने परत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या घरात त्यांची उशी कधी पडली नव्हती.

आणि आता चार दिवस एका छपराखाली. मला एवढंच हवं होतं, की ह्या चार दिवसांत अण्णांनी काहीही करू नये. वाळूत पाय सोडून बसावं, शहाळं प्यावं, काचेच्या तळाच्या बोटीतून मासे बघावेत. त्या बोटीचं त्यांना फार अप्रूप होतं. विमानातसुद्धा विचारत होते, "म्हंजे बसल्या जागी खालचं दिसतं? आन् काच फुटत न्हाई?"

"ती पिशवीत परत ठेवा," मी म्हटलं. "आणि चार दिवस बाहेर काढायची नाही. शपथ आहे माझी."

"शपथा घालू नये उगंच," अण्णा म्हणाले. पण इस्त्री त्यांनी आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारुवहिनींनी बॅग उघडली. चारुवहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. मनानं वाईट नाहीत, पण जग आपल्या सोयीसाठी तयार झालंय अशी त्यांची बालपणापासून समजूत. माईंच्या वाढदिवसाला सगळ्या घरानं पांढऱ्या कपड्यांत समुद्रावर फोटो काढायचा, ही त्यांचीच कल्पना. पुरुषांना लिननचे कुर्ते, बायकांना पांढऱ्या साड्या, नातवंडांनाही पांढरंच. सगळं पुण्याच्या एकाच दुकानातून. बॅगेतून ते बाहेर आलं तेव्हा लिननचा पार बोळा झालेला होता. लिनन तसंही नुसतं बघितलं तरी चुरगळतं. त्यात तिथली हवा अशी दमट, की सकाळी वाळत टाकलेला रुमाल संध्याकाळीही हाताला गार लागायचा.

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या, "हे तर बघवत नाही."

रिसॉर्टच्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, कपडे लॉन्ड्रीला पोर्ट ब्लेअरला जातात, बोटीने जातात आणि बोटीनेच येतात, दोन-तीन दिवस धरा. इस्त्री करणारा माणूस गावी गेलाय. फोटो होता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

आम्ही सगळे व्हरांड्यात बसलो होतो. अण्णा एका कडेला, पायरीवर, शहाळ्यातली मलई चमच्याने खरवडत. वहिनींनी कपाळावर हात मारला आणि मग एकदम चेहरा उजळला.

"अय्या, मी पण काय! आपले अण्णा आहेत की!"

मी हेमंतकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता बोलेल. म्हणेल, "वहिनी, अहो ते फिरायला आलेत." एवढं एक वाक्य. हेमंत समुद्राकडे बघत होता, जणू तिथे कुणी त्याच्या ओळखीचं पोहत होतं.

"अण्णांचा खांदा दुखतोय," मी म्हटलं. "डॉक्टरांनी बंद सांगितलंय. मी करते सगळ्यांचे कपडे."

"अगं, लिनन आहे ते," हेमंत म्हणाला. आता मात्र त्याला वाचा फुटली. "तुझ्या हातून पिवळं पडेल, चकाकी येईल. अण्णांना काय, दोन तासांचं काम. हो ना अण्णा?"

अण्णांनी शहाळं खाली ठेवलं, हात झटकले आणि उठले.

"द्या हिकडं. किती हाईत?"

"अण्णा!"

"शाले, गप बस. माणसात आरडू नये."

कराडला असते तर सगळी आळी गोळा केली असती, पण चार माणसांत बापाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. खोलीत आल्यावर मात्र मी हेमंतला धरला.

"तुला लाज नाही वाटली?"

"लाज कसली? कामाची लाज कशाला? तूच म्हणतेस ना, कुठलंच काम हलकं नसतं."

"मग तू कर."

"मला येत नाही म्हणून तर... शालन, तू प्रत्येक गोष्टीत ते आणतेस. इथे कुणाच्या डोक्यात जात-बित नाहीये. तुझ्या डोक्यात आहे."

हे त्याचं हुकमाचं पान होतं. दरवेळी मी इथे येऊन अडखळायचे, कारण खरंच आपल्याच डोक्यात आहे का, असं वाटायला लागायचं. त्याही दिवशी अडखळले. पण समोरच्याचं म्हणणं पटलं म्हणून राग जात नाही.

वाढदिवसाच्या सकाळी सगळे बोटीवर निघाले. तीच काचेच्या तळाची बोट. सकाळीच जायची, मग भरती-वाऱ्याचं काहीतरी गणित असायचं, त्यामुळे दिवसाची तेवढी एकच फेरी. अण्णांनी जेवणघरातल्या टेबलावर ब्लँकेट अंथरलं, त्यावर चादर, आणि कुर्त्यांचा ढीग शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"अण्णा, बोटीवर जाऊन या आधी," मी म्हटलं. "आल्यावर करा. नाहीतर नकाच करू."

"दुपारी लाईट जाती म्हनं हितं. आत्ता हाय तवर उरकतो."

"मग मीही जात नाही."

"जा की गं. तू बघ आन् मला सांग."

"मला नाही बघायचे मासे."

निघता निघता चारुवहिनी दारात थांबल्या. डोक्यावर केवढी तरी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा.

"अण्णा, एक सांगू? राग नका मानू हं. तोंडाने पाणी नका मारू. ते आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला करतो ना, फुर्रर्र करून, मला अगदी कसंसंच होतं."

मी टेबलाची कड धरली. धरली नसती तर हातात जे आलं असतं ते फेकलं असतं, आणि हाताशी इस्त्रीच होती. अण्णा मात्र नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाटली हाय माझ्यापाशी. झाकनाला भोकं पाडल्यात."

"वा, मस्त!" म्हणून त्या गेल्या.

मग आम्ही दोघंच. मी घड्या घालायला हात लावला तर अण्णांनी ढकलला. "तू बस. तुला बघत करतो." खरं सांगायचं तर त्या तासाभरात आमच्या जितक्या गप्पा झाल्या तितक्या लग्नानंतर झाल्या नव्हत्या. आई गेल्यावर ते एकटे काय रांधतात, शेजारची कुसाताई भाकरी आणून देते पण मीठ विसरते, दुकानाची जागा मालक मागतोय. मी ऐकत होते आणि त्यांच्या खांद्याकडे बघत होते. प्रत्येक कुर्त्याच्या पाठीवरून इस्त्री नेताना खांदा एका ठिकाणी अडायचा, मग डाव्या हाताने उजवं कोपर ढकलायचे. तोंडातून आवाज नाही. मला मात्र दरवेळी कळायचं.

मध्येच वीज गेली. जनरेटरवर दिवे-पंखे चालतील, इस्त्री लावू नका, असं रिसॉर्टच्या माणसानं बजावलं. आम्ही वाट बघत बसलो. इस्त्री गार झाली. वीज आली तेव्हा बोटीवरचे लोक हसत-खिदळत परत येत होते, ओले, लाल झालेले. माझे थोरले दीर, दादा, लांबूनच ओरडले, "अण्णा, काय मिस केलंत राव! पोपटी मासे!"

"व्हय?" अण्णा म्हणाले. "हिरवं?"

आणि पुढच्या कुर्त्यावर पाणी शिंपडलं.

जेवणं झाली, सगळे आडवे झाले. अण्णांचं काम दुपार कलताना संपलं. पलंगावर पांढऱ्या घड्यांची चळत होती, आणि वहिनींच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकावर नावाची चिठ्ठी टाचलेली. मी कपडे खोल्यांतून वाटायला घेतले. माईंची साडी. वहिनींची. दादांचा कुर्ता, हेमंतचा, मुलांचे. माझी साडी सगळ्यात वर, सगळ्यात सुबक. वाटून झालं, हात रिकामे झाले, आणि मी तिथेच उभी राहिले. अण्णांचा कुर्ता नव्हता.

मला वाटलं, बॅगेत राहिला असेल. चारुवहिनी आरशासमोर होत्या, माई तिथेच खुर्चीत बसून पायांना तेल लावत होत्या.

"वहिनी, अण्णांचा कुर्ता कुठाय?"

"अण्णांचा?" त्यांनी कुंकवाची काडी थांबवली. "अगं, फॅमिली फोटो आहे ना तो."

"बरं. मग अण्णा?"

"ते असतीलच की तिथे. आपण वेगळा एक काढू सगळ्यांचा, नंतर."

"त्यांच्यासाठी कुर्ता घेतलाच नाही?"

"मला कुणी सांगितलंच नाही गं. आणि मी तर आधी म्हणत होते, मिक्स कापड घेऊ, इस्त्रीची कटकट नको. भावजीच म्हणाले, लिननच घ्या वहिनी, इस्त्रीची काळजी करू नका, शालनच्या वडिलांना घेऊन येतोय."

हे त्या अगदी सहज बोलल्या. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कुंकवाची काडी परत कपाळाकडे गेली.

माईंचा हात पायावर थांबला. "हेमंत असं म्हणाला?"

"हो माई. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटलं, व्याह्यांना हवापालट म्हणून..." माई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून पुढचं गिळलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. हे मला सारखं आठवत होतं. कांदा चिरत असल्याचं निमित्त करून, आनंदानं, त्या माणसासाठी. मला त्या अश्रूंचीच चीड आली.

हेमंत झोपाळ्यावर पडला होता. मी झोपाळ्याची दोरी धरली.

"अण्णांना कशाला आणलंस?"

"म्हणजे काय?"

"सरळ विचारतेय. सरळ सांग."

तो उठून बसला. वहिनींच्या खोलीकडे पाहिलं आणि सगळं समजून गेला. "हे बघ, दोन्ही झालं ना? त्यांचीही ट्रिप झाली, आपलंही काम झालं. एकाच दगडात... यात वाईट काय आहे? फोन करून विचारलं होतं मी त्यांना. ते आनंदाने हो म्हणाले."

"काय विचारलंस?"

"की इस्त्री घेऊन याल का."

हे ऐकल्यावर मी झोपाळ्याची दोरी सोडली. मी अण्णांना शोधत निघाले.

ते समुद्राच्या काठाला, वाळूवर बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत, पाय पाण्यात. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. उभ्या उभ्याच.

"काय?"

"कशासाठी आणलंय ते. हेमंतचा फोन आला होता."

"आला हुता."

"आणि तरी आलात? तुम्हाला काही वाटलं नाही? फोन आदळायचा होता! मला सांगायचं होतं! मी त्याला..."

"बस खाली."

"नाही बसत."

"शाले, मानंला कळ लागती वर बघून. बस."

मी बसले. सलवार भिजली.

"जावयाचं फुकाट खायाचं नसतं," अण्णा म्हणाले. "विमानाचं तिकीट, ह्ये हाटेल, ह्ये सगळं. मी त्यास्नी न्हाईच म्हननार हुतो. मग त्ये म्हनले, इस्त्री आना. म्हटलं, झाक झालं. आता कुनाचा मिंधा न्हाई. आपल्या हातानं फेडून जाऊ."

"फेडायचं काय त्यात! मी तुमची लेक आहे!"

"म्हनून तर." ते पाण्याकडे बघत होते. "तुझ्या घरी ऱ्हाता येत न्हाई. माझ्याकडं तुला सवड न्हाई. हितं ना तुझं घर, ना माझं. चार दिस तू दिसशील, म्हटलं. सकाळी कशी बसली हुतीस समोर. आईवानी बडबडत."

मला ओरडायचं होतं, आणि ओरडायला जागाच उरली नव्हती. त्यांनी हिशेब आपल्या परीनं चोख केला होता. जुन्या रीतीत बसवून स्वतःची मान ताठ ठेवली होती. हेमंतला ह्यातलं काही कळलंही नव्हतं. त्याला फक्त माणूस लागत होता. बापाची रीत त्याच्या सोयीला आयती सापडली, एवढंच. आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, ह्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

"कुर्ता आणला नाही त्यांनी तुमच्यासाठी," मी म्हटलं.

हे अण्णांना माहीत नव्हतं. हिशेबात हे नव्हतं. पाण्यात पायाची बोटं हलवली आणि म्हणाले, "मला कुठं पांढरं शोभतंय."

त्यांचा आवाज मी ओळखते. आई गेली त्या दिवशी "जेवला का?" असं कुणी विचारल्यावर "व्हय" म्हणाले होते, तो आवाज.

सूर्य कलला. फोटोग्राफर आला, तिथलाच एक बंगाली गृहस्थ. हवेत फडफडणारे ते सगळे पांढरे कपडे, एकही सुरकुती नाही. माई मधल्या खुर्चीत. मागे दादा, वहिनी, मुलं, हेमंत. बघणाऱ्याला वाटावं, काय घरंदाज लोक! मी आमच्या खोलीत साडी पलंगावर तशीच ठेवली आणि भिजल्या सलवारीतच गेले. अण्णांचा हात धरून त्यांनाही ओढत नेलं. त्यांच्या अंगावर फिकट निळा बुशशर्ट होता.

"अगं, साडी?" वहिनी म्हणाल्या.

"हेमंत," मी म्हटलं, "कुर्ता काढ."

"काय?"

"तुझा कुर्ता. काढ आणि अण्णांना दे. तुझ्यासाठी वेगळा फोटो काढू. नंतर."

"शालन, तमाशा करू नकोस. आज माईंचा वाढदिवस आहे."

"म्हणूनच म्हणतेय. व्याही आहेत ते माईंचे. घरचं माणूस आहे ना? मग घरच्या माणसाला कुर्ता नको? की घरचं माणूस फक्त इस्त्रीपुरतं?"

फोटोग्राफरला मराठी येत नसावं, पण त्यानं कॅमेरा खाली केला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. दादा म्हणाले, "अरे, जाऊ दे, उशीर होतोय, उजेड जाईल."

"हेमंत," माई म्हणाल्या. खुर्चीतून मान न वळवता, समोर समुद्राकडे बघत. "काढ."

"माई, तू पण?"

"काढ म्हणतेय ना."

हेमंतने कुर्ता काढला. बनियनवर, सगळ्यांसमोर, लाल होऊन. चार पावलं चालत आला आणि कुर्ता अण्णांपुढे धरला. खाली बघत. "घ्या अण्णा."

मी वाट बघत होते. आयुष्यात मला कशाचीच इतकी वाट बघितल्याचं आठवत नाही.

अण्णांनी हात मागे घेतले. "न्हाई जावईबापू. जावयाच्या अंगावरचं मी घालत न्हाई."

"अण्णा, घाला!" मी म्हटलं.

"न्हाई म्हनलं ना. घाला तुम्ही. वारं हाय, गारठाल."

हेमंत तसाच उभा राहिला. देणारा हात पुढे, घेणारं कुणी नाही. मग त्याने कुर्ता परत अंगात घातला, आणि घाईत घालताना तो पाठीवर सगळा गोळा झाला. तो जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला, जरा बाजूला वळून. फोटोग्राफरनं पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला.

अण्णा माझ्या शेजारी होते, आम्ही दोघं एका कडेला, फोटोच्या बाहेर. मी बघितलं, त्यांची नजर हेमंतच्या पाठीवर होती. उजवा हात आपोआप उठला.

"मागनं सगळं चुरगाळलं की. थांबा म्हनावं. दोन मिन्टं, नुस्ता हात फिरवतो..." आणि ते निघाले. माझे वडील, तो दुखरा खांदा घेऊन, त्या पाठीकडे.

मी त्यांचं मनगट पकडलं आणि ओरडले. काय ओरडले ते शब्द होते की नव्हते, आठवत नाही. बहुधा "अण्णा, बस्स!" समुद्रावर दूरपर्यंत गेलं असेल. सगळे दचकून माझ्याकडे वळले, आणि त्याच क्षणी फोटोग्राफरचं बोट दाबलं गेलं.

त्यानं त्यानंतर आणखीही फोटो काढले, सगळे समोर बघणारे, नीट हसणारे. पण पुण्याला आल्यावर माईंनी नेमका तोच मोठा करून घेतला आणि दिवाणखान्यात लावायला सांगितला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मला आवडला." हेमंतने दोनदा उतरवायचा प्रयत्न केला, माईंनी दोनदा परत लावायला लावला. आता माई नाहीत. अण्णाही नाहीत. त्या ट्रिपनंतर दर महिन्याला मी कराडला जाऊन चार दिवस राहायचे, हेमंतला न विचारता, आणि तोही कधी काही बोलला नाही. पण फोटो उतरवायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.

घरी नवीन कुणी आलं की हमखास त्यापुढे थांबतं. काय सुरेख पांढरे कपडे आहेत सगळ्यांचे, म्हणतं. मग जरा वाकून बघतं आणि विचारतं, "पण सगळे एकदम तिकडे काय बघताय?"

"डॉल्फिन," हेमंत म्हणतो. "अचानक वर आला होता."

"अय्या, खरंच?"

आणि मी जिथे असेन तिथून, हातातलं काम टाकून, त्या पाहुण्यासमोर येऊन उभी राहते. दर वेळी.

"डॉल्फिन नव्हता," मी सांगते. "तिकडे माझे वडील उभे होते."